मामांच्या गाडीचा क्लच

उद्यमनगर

माझ्या मामांची मोटरसायकल शाहूवाडी तालुक्यातल्या त्यांच्या वाडीहून तांदळाच्या टेंपोतून कोल्हापुरात आली, तेव्हा तिच्याबरोबर ड्रायव्हरच्या तोंडी एकच निरोप होता: "गिअर अडकतोय, न्यूट्रल सापडत न्हाय. तेवढंच बघ म्हणावं. बाकी कशाला हात लावू नगंस."

हा निरोप मी उद्यमनगरातल्या बंडा मिस्त्रींना जसाच्या तसा सांगितला. पण कोल्हापुरात 'तेवढंच' असं काही नसतं. तुम्ही अर्धी भाकरी मागा, अख्खी येते आणि वर रश्श्याची वाटी पुन्हा भरली जाते. मिस्त्रीही इथलेच. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि डाव्या बाजूला वाकून मोठ्यानं हसले.

"ओ ताई, इकडं या. मामांनी काय करून ठेवलंय बघा की!"

हँडलवरचा क्लच लिव्हर नुसताच होता, त्याला वायर नव्हती. वायर टाकीखालून मागं गेली होती. आपल्याकडे साडी नेसलेली बाई मागं एका अंगानं बसते, तिला धरायला सीटच्या डाव्या बाजूला लोखंडी दांडी असते. गॅरेजवाले तिला लेडीज हँडल म्हणतात. त्या दांडीला कुणीतरी दुसराच एक लांब लिव्हर पट्टीनं आवळून बसवला होता आणि त्यावर निळ्या कापडाची चिंधी घट्ट गुंडाळली होती.

"म्हंजे ह्यो माणूस मांडीमागं हात घालून क्लच दाबतोय," मिस्त्री म्हणाले. "एक हात हँडलवर, एक हात कमरंमागं. पडंल की कुठंतरी!"

मलाही ते धोक्याचं वाटलं. मामा सत्तरी ओलांडलेले. हँडलवरचं काहीतरी मोडलं असणार आणि नवं घ्यायचा कंटाळा म्हणून त्यांनी हा उद्योग केला असणार, असं मी ठरवून टाकलं. विचारायला फोन लावला, पण वाडीत रेंज यायला मामांना टेकाडावर चढावं लागतं. फोन लागला नाही. मी म्हटलं, "काढा ते. क्लच जागेवर आणा. सगळं नव्यासारखं करा."

हे शब्द बंडा मिस्त्रींना फार आवडले.

घाई होती ती पौर्णिमेची. वाडीच्या खालच्या गावात विहार आहे. दर पौर्णिमेला तिथं वंदना असते आणि ती माझी मामी घेते. तिच्या लग्नापासूनचा हा रिवाज. गाडी बिघडल्यापासून मात्र ती जाऊ शकली नव्हती. वाडीवरून उतरायला पायवाट आहे, पण मामीचे गुडघे ती उतरू देत नाहीत, आणि एसटी वाडीपर्यंत येत नाही. वंदना तिच्याशिवाय होत होती, पण "तुमच्या मामी न्हाईत तर सूर लागत न्हाय," असं टेंपोवाल्यानंही सांगितलं. आता पौर्णिमा रविवारी होती. शनिवारी सकाळी माझं औषधाचं दुकान बहिणीवर सोपवून मी गाडी घ्यायला गेले.

गाडी चमकत होती. क्लच प्लेटा नव्या, स्प्रिंगा नव्या, वायर नवी. इथल्या रिवाजाप्रमाणे मिस्त्रींनी काढलेले सगळे जुने भाग एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. काम खरंच केलं याचा तो पुरावा असतो.

"टाकून द्या की," मी म्हटलं.

"न्हाय ताई, गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाकडं."

मी पिशवी मागं बांधली. मग क्लच दाबला आणि माझा तळहात कळवळला.

"जरा कडक नाही का हो?"

"कडक म्हंजे? तालमीतल्या गड्याला चालंल असा केलाय!" मिस्त्री छाती काढून म्हणाले.

वाघबीळ

कोल्हापूर सोडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. साखर कारखान्यांचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या डुलवत ट्रॅक्टर चाललेले, त्यांच्या गाण्यांचा आवाज इंजिनाहून मोठा. मी त्यांच्या मागून शांतपणे चालले होते. मला घाईनं गाडी मारता येत नाही. मोटरसायकल मी याच गाडीवर, मामांकडूनच शिकले. तेव्हा ते म्हणायचे, "गिअर घालताना इंजिनाचं ऐकायचं. ते सांगतंय कधी पायजे ते." अजूनही मी ऐकतच चालवते.

वाघबीळच्या चढाला इंजिनानं तक्रार केली. उजव्या वळणावर ते एकदम किंचाळलं, आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. वळण संपलं तशी पुन्हा नीट ओढायला लागली. पुढच्या उजव्या वळणावर परत तेच. डाव्या वळणावर काही नाही.

घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. पन्हाळ्याकडून गार वारा येत होता. मी जागेवरच हँडल हळूहळू उजवीकडं वळवलं आणि वायरकडं बघत राहिले. वायर ताणली गेली आणि इंजिनाजवळची क्लचची दांडी आपोआप ओढली गेली, अगदी जराशी. म्हणजे प्रत्येक उजव्या वळणावर क्लच न दाबता अर्धा दाबला जात होता. मिस्त्रींनी वायर इतकी तंग बसवली होती की तिला हलायलाही जागा नव्हती.

हँडलजवळचा गोल नट मी बोटांनी फिरवून वायर सैल केली. पुढची वळणं छान गेली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. तो बांबवड्यापर्यंत टिकला.

बांबवडे

वायर तंग असेल तर क्लच घसरतो, आणि सैल असेल तर पूर्ण सुटत नाही. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि भर चौकात अनुभवणं यांत फरक असतो. बांबवड्याच्या चौकात मी थांबले, क्लच पूर्ण दाबला, तरी गाडी पुढं सरकायला बघत होती. न्यूट्रल शोधायला पायानं वर-खाली केलं. पहिल्यातून थेट दुसरा, दुसऱ्यातून पहिला, मधलं न्यूट्रल गायब. शेवटी गाडी एक गचका देऊन उसाच्या ट्रॅक्टरसमोर बंद पडली.

ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज कमी केला. त्यानं एवढं केलं म्हणजे मोठीच गोष्ट.

"ओ ताई, न्यूट्रल घरी ठिवून आलाय काय?"

"शोधतेय!" मी म्हटलं.

"इंजिन बंद हाय तवर ढकला की मागं-पुढं, घावंल!"

ते खरं होतं. गाडी मागं-पुढं हलवत पायानं चाचपलं तेव्हा न्यूट्रल सापडलं. तोवर भोवती पाच-सहाजण जमले होते आणि प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. एकजण ऑईल जाड आहे म्हणाला. एकजण म्हणाला प्लेटा चिकटल्या. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्यांनी पुढं होऊन क्लच दाबून बघितला आणि हात झटकला.

"ह्यो क्लच हाय का उसाचा चरक? कुणाची गाडी ही?"

"माझ्या मामांची. सत्तरीचे आहेत."

"मग मामास्नी खुराक चालू करा पयला!"

सगळे हसले, मीही हसले. समोरच्या हॉटेलात त्याच म्हाताऱ्यांनी मला चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, "पावणं हाय तुमी," म्हणाले. मी कोल्हापूरची, म्हणजे तासाभराच्या अंतरावरची. शहरात शेजारच्या दुकानदारानं मला कधी पाहुणी म्हटलेलं नाही.

पण चहा पिताना तळहाताकडं लक्ष गेलं. एवढ्याशा अंतरात तो लाल होऊन सुजल्यासारखा झाला होता. माझा हात दुखतो, तर मामांचं काय? त्यांना हा क्लच दाबता आला नाही तर गाडी असून नसल्यासारखी. वाडीत त्या दोघांना गाडीशिवाय दुसरं काहीच नाही. पौर्णिमाच नव्हे, दवाखाना, बाजार, सगळंच त्या गाडीवर. हे माझ्या मनात आधी का आलं नाही याचा मला राग आला आणि तो मी चहाबरोबरच्या भज्यांवर काढला.

मलकापूर

मलकापूरच्या अलीकडं ऊस संपतो आणि भात सुरू होतं. कापणी झाली होती. खाचरांतून कापलेल्या भाताचे खुंट आणि कडेला पेंढ्यांच्या उडव्या. हवेला वाळल्या गवताचा वास. डोंगर एवढे जवळ येतात की त्यांच्याकडं मान वर करून बघावं लागतं.

स्टँडजवळच्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथले मिस्त्री चष्मा कपाळावर ठेवून काम करत होते. त्यांनी वायर बघितली, मान हलवली. "आखूड हाय. दुसरी घालाय पायजे. माझ्याकडं ह्या गाडीची न्हाय. जुनी कुठाय?"

मी पिशवी सोडली. बंडा मिस्त्रींचा रिवाज कामी आला. चष्मेवाल्यांनी जुनी वायर बाहेर काढली आणि ती येतच राहिली.

"ही हात-दीड हात जास्त हाय की. ही हँडलची न्हवंच."

मी लेडीज हँडलवरच्या लिव्हरची गोष्ट सांगितली. त्यांनी पिशवीतून तो लिव्हर काढला, चष्मा खाली घेतला आणि खात्रीनं म्हणाले, "टाचंनं दाबत असणार. आमच्याकडं एकजण होता तसा."

मला ते पटलं नाही. लिव्हरवरची निळी चिंधी वापरून गुळगुळीत झाली होती. ती टाचेनं झिजलेली वाटत नव्हती. हातानं झिजलेली वाटत होती.

जादा लांबीचा टाकीखाली वेढा घालून त्यांनी तीच वायर हँडलला जोडली. क्लच आता नीट सुटू लागला, न्यूट्रल लगेच सापडलं, उजव्या वळणाचाही प्रश्न मिटला. स्प्रिंगा मात्र त्याच राहिल्या. "त्या काढायच्या तर गाडी उद्यापातूर ठेवाय लागंल," ते म्हणाले. उद्या पौर्णिमा होती. मी निघाले.

वाडी

वाडीचं नाव लिहू नको असं मामीनं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. मलकापूर सोडल्यावर डांबरी रस्ता, मग खडीचा, मग लाल मातीचा. शेवटच्या चढावर गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी इंजिन बंद करून थांबले. शेवटच्या गव्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि तो झाडीत गेला.

अंगणात शिरले तेव्हा मामा बाजेवर बसलेले होते, खांद्यावर शाल, डावा हात तिच्याखाली. "जयभीम मामा," म्हणत मी पाया पडले. त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"आली का गं पोरी? आन् गाडी बघ की, झ्याक! नवरीगत दिसतीया."

मामी हात पुसत बाहेर आली. ती गाडीजवळ गेली, सीटवरून हात फिरवत डाव्या बाजूला आली, आणि तिचा हात लेडीज हँडलवरच्या मोकळ्या जागी थांबला. तिनं मामांकडं बघितलं. मामा डोंगराकडं बघत होते.

"क्लच पुन्हा हँडलवर आणलाय," मी हौसेनं सांगितलं. "मांडीमागं हात घालून चालवणं बरं नव्हे."

"व्हय," मामी म्हणाली. "चल, जेवाय बस."

नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. कोल्हापुरात आमटी तिखट असली की डोळ्यांतून पाणी काढते. मामीची आमटी तेवढीच तिखट, पण ती हळूहळू चढते. एरवी जेवताना मामांची बडबड थांबत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी उसाला काय दर लागला एवढंच विचारलं. ते एकाच हातानं जेवत होते, जसे सगळेच जेवतात, त्यामुळं मला काही वेगळं दिसलं नाही. पाण्याचा तांब्या मात्र मामीनं त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला होता. भाकरी तिनं आधीच मोडून दिली होती.

सकाळी ऊन अंगणात आलं तसे मामा गाडीवर बसले. मामी पांढरी साडी नेसून दारात उभी होती. मामांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि हँडलवर ठेवला. मग क्लच दाबायचा प्रयत्न केला. बोटं लिव्हरवर गेली, पण आवळली नाहीत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. हाताच्या शिरा फुगल्या, लिव्हर जागचा हलला नाही.

आता मला कळलं. स्प्रिंगा कडक होत्या हे खरं, पण प्रश्न स्प्रिंगांचा नव्हताच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की दोन-तीन वर्सं," मामा खाली बघून म्हणाले. "झोपंत मुंग्या आल्यागत झालं, मग मूठच वळंना. पोरांस्नी सांगितलं न्हाय. पुण्याला न्हेऊन फ्लॅटात बसवतील." थोडं थांबून म्हणाले, "घिऊन जा तू गाडी. इकून टाक. आता काय जमायचं न्हाय."

मी म्हटलं, आज मी तुम्हाला एकेकाला खाली नेऊन सोडते. आणि पुढं गिअर नसलेली स्कूटर घेऊ, त्याला क्लचच नसतो. मला ते फार सोपं वाटलं.

मामी दारातून भडकली. "इकाय निघालेत! मला इचारलंसा का?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् ती स्कूटर घेतल्यावर मी मागं बसून काय करू?"

मला काहीच समजलं नाही.

"ती पिशवी आण."

मी पिशवी आणली. मामीनं निळ्या चिंधीचा लिव्हर काढला, पदर खोचला, घरातून पाना आणला आणि सीटजवळ वाकली. लिव्हर लेडीज हँडलला आवळला. टाकीखालचा वेढा सोडवून वायर मागं ओढली, लिव्हरमध्ये अडकवली, दोनदा दाबून बघितली. माझं काम फक्त धर म्हणाली तिथं धरायचं. चिंधी तिच्याच जुन्या लुगड्याची होती, हेही तेव्हा दिसलं.

मग ती मामांच्या मागं एका अंगानं बसली, पाय डावीकडं, जशी ती आयुष्यभर बसत आली. तसं बसल्यावर तिचा उजवा हात सरळ लिव्हरवर पडला, जणू तो दुसरीकडं कुठं पडूच शकत नव्हता. मामांनी किक मारली. त्यांनी डावा खांदा जरासा उचलला. मामीनं क्लच दाबला. मामांनी पायानं पहिला गिअर घातला, खांदा खाली आला, मामीची बोटं हळूहळू सुटली. गाडी कोंबड्यांमधून अलगद अंगणाबाहेर पडली.

"कडक हाय गं स्प्रिंग," मामी जाता जाता ओरडली. "पर चालंल!"

गेली काही वर्षं आम्ही सगळे भाचे-पुतणे मामा-मामींची चेष्टा करायचो. मामा एकटे कुठं जात नाहीत, पानाच्या टपरीवरसुद्धा मामीला मागं घेऊन जातात, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय, असं म्हणायचो. मामी लाजून हसायची, आणि त्यातच सगळं झाकलं जायचं.

गाडीवर तिसऱ्याला जागा नव्हती. मी पायवाटेनं उतरले. पायवाट रस्त्याच्या वरून जाते, त्यामुळं गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. मी ऐकत उतरत होते. उताराला दुसरा गिअर. ओढ्याजवळ पुन्हा पहिला. पलीकडच्या सपाटीला दुसरा, मग तिसरा. कुठं खटका नाही, कुठं गचका नाही. मी, बंडा मिस्त्री आणि बांबवड्याचा सगळा चौक मिळून त्या गाडीला जे करू शकलो नव्हतो, ते दोन माणसांच्या खांद्यानं आणि बोटांनी होत होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

विहारात पोचले तेव्हा मामी बायकांमध्ये पुढं बसली होती. तिनं वंदना सुरू केली आणि मागच्या बायकांचा आवाज एकदम भरून आला. टेंपोवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मामा दाराजवळ बसले होते, डावा हात मांडीवर उघडाच. आता तो शालीखाली नव्हता.

निघताना मामी म्हणाली, पोरांना आम्ही सांगू, आमच्या तोंडानं. नंतर तिनं पोरांना सांगितलं, म्हणून हे लिहायला मी मोकळी झाले. पोरांनी थोडा आरडाओरडा केला. मग मोठा मुलगा रजा काढून वाडीत आला, त्या दोघांच्या मागं-मागं विहारापर्यंत स्वतःच्या गाडीवर गेला, आणि परत येऊन जेवायला बसला. पुण्याचा विषय तेवढा बंद झाला.

मी एसटीनं परतले, पिशवीत ती नवी आखूड वायर घेऊन. उद्यमनगरात बंडा मिस्त्रींना ती दिली आणि मऊ स्प्रिंगा मागितल्या, पुढच्या टेंपोनं पाठवायला.

"का ओ? मामास्नी कडक जातोय व्हय क्लच?"

"मामांना नाही," मी म्हटलं. "मामींना."